भांडी घासून ठेवा : ख्रिस्तातला आनंद रोजच्या घरात कसा टिकवायचा

सोलापुरात घर चालवणाऱ्या बाईला पाण्याविषयी काही शिकवावं लागत नाही. चार-पाच दिवसांआड नळ येतो. कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. उजनी धरणातून पाणी आणणं माझ्या हातात नाही, वाटेत पाइपलाइन फुटली तर ती जोडणंही नाही. माझ्या हातात एवढंच, की पिंप रिकामं करून आतून घासून ठेवायचं, नळी जागेवर लावायची आणि गल्लीत कुणी "आलं की गं पाणी!" म्हणून ओरडलं की उठायचं.

शाळेत तीस वर्षं शिकवलं, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं संडे स्कूल आणि महिला मंडळात काढली. या काळात एक प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला. "बाई, वचन म्हणतं की प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. मी प्रार्थना करते, उपासना चुकवत नाही. मग मला आनंद का होत नाही?" विचारणाऱ्या बाईच्या आवाजात नेहमी थोडी शरम असते, जणू तिच्या विश्वासातच काही खोट आहे.

माझं उत्तर नळापासून सुरू होतं. आनंद आपण तयार करत नाही, तो देवाकडून येतो. पिंप घासून ठेवणं मात्र आपल्याकडे आहे, आणि ते काम शिकता येतं. मी ते कसं शिकले, कोणत्या क्रमानं केलं तर उपयोग होतो, ते इथं सांगते. सगळं एका आठवड्यात करायचं नाही. एक गोष्ट अंगवळणी पडली की पुढची घ्या.

आधी तीन शब्द

नवा करार मुळात ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत कृपेला 'खारिस' म्हणतात, आनंदाला 'खारा' आणि उपकारस्तुतीला 'युखारिस्तिया'. तिन्ही शब्द एकाच मुळातून आलेले. हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होते, आणि इतकी वर्षं आपण उलट्या टोकानं चाललो होतो हे ध्यानात आलं. मी आधी आनंदी व्हायला बघत होते, मग आभार मानणार होते, आणि देवाची कृपा झाली की नाही ते त्यावरून ठरवणार होते. खरा क्रम उलटा आहे. कृपा आधी झालेली आहे, ख्रिस्त माझ्यासाठी मेला आणि उठला ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिच्याकडे बघून उपकारस्तुती सुरू होते, आणि उपकारस्तुती करता करता आनंद मागून येतो. सत्तर शिष्य मोठमोठी कामं करून हर्षानं परत आले, तेव्हा येशूनंही त्यांना तेच सांगितलं, की आपल्या यशाचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. यश आज असतं आणि उद्या नसतं. लिहिलेलं नाव रोज रोज पुसलं जात नाही.

पहिलं काम : पिंपातलं जुनं पाणी ओता

आनंदाची सुरुवात रडण्यापासून करा असं सांगितलं की बायका चमकतात. पण चार दिवसांचं शिळं पाणी पिंपात तसंच असेल तर ताजं मावणार कुठं?

आमचे मिस्टर वारले त्या आठवड्यात घरी खूप माणसं आली. एका जणानं हात धरून सांगितलं, "रडायचं नाही, बाई. ते प्रभूकडे गेले, आनंद करा." त्याचा हेतू चांगला होता. पण त्या वाक्यानं माझा घसा जो बंद झाला तो कित्येक महिने. त्याच संध्याकाळी मंडळीतल्या एक वयस्कर आजी आल्या. काहीही बोलल्या नाहीत. माझ्याशेजारी चटईवर बसल्या, पदरानं माझा चेहरा पुसला आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहिल्या. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरेकडे जाताना तो रडला. मग आपल्याला रडायची बंदी कोण घालणार?

हे काम कसं करायचं ते नीट सांगते, कारण इथंच बहुतेक जण घाई करतात.

स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार आहे, आणि त्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कुठवर? पुढच्या दोनांत मागणी आहे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. आता दार लोटा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि याच साच्यात स्वतःचं स्तोत्र लिहा. चार 'कुठवर' लिहायचेच. मुलाची नोकरी कुठवर अडकणार, सासूचं अंथरूण कुठवर, हे कर्ज कुठवर, माझी ही कंबर कुठवर. मग एक मागणी, ज्या शब्दांत मनात येते त्याच शब्दांत. मग भरवशाच्या दोन ओळी.

घरात बोलता त्या बोलीत लिहा. आपल्या मंडळीत कुणाच्या घरी तेलुगू आहे, कुणाच्या घरी कानडी. ज्या भाषेत आईनं रागावलं त्या भाषेत दुःख खरं बाहेर पडतं. 'हे परमपवित्र पित्या' अशी उपासनेची भाषा आली की आपण पुन्हा नीटनेटके होतो आणि आतलं आतच राहतं.

शेवटच्या दोन ओळी सुचल्या नाहीत तर जागा मोकळी सोडा, खोटं लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा, ते अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. माझी मोकळी जागा पाच महिने मोकळी होती.

दुसरं काम : लाल पेन्सिल आणि चार अध्याय

फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं आहे, वचनं एकशे चार. मोठ्यानं वाचलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. प्रेषित पौलानं हे पत्र बेड्यांत असताना लिहिलं, सुटका होईल की मरण येईल हे त्याला माहीत नव्हतं. आणि आनंदाचं एवढं बोलणं त्याच्या दुसऱ्या कुठल्या छोट्या पत्रात क्वचितच सापडेल.

एक दिवस ते सलग वाचा. जिथं आनंद, हर्ष, आनंद करा असे शब्द येतील तिथं लाल पेन्सिलीनं खूण करा. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून समासात लिहा, हा आनंद कशामुळे? मी केलं तेव्हा यादी अशी झाली : फिलिप्पैच्या मंडळीची आठवण काढून प्रार्थना करताना, विरोधक का होईना, पण ख्रिस्ताचं नाव सांगत आहेत म्हणून, ते लोक एकमनानं राहिले तर, त्यांनीच पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून बरा होऊन त्यांना परत भेटेल म्हणून, त्यांनी पाठवलेल्या मदतीत त्यांची काळजी दिसली म्हणून. जवळजवळ प्रत्येक खुणेपाशी कुणीतरी दुसरं माणूस उभं आहे. मी माझा आनंद माझ्या तब्येतीत, माझ्या पेन्शनीत, माझ्या मुलांच्या फोनमध्ये शोधत होते. पौलाचा आनंद माणसांमध्ये विखुरलेला होता, म्हणून त्याला एका कोठडीत कोंडता आलं नाही.

आणि चौथ्या अध्यायात तो म्हणतो की मी ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी 'शिकलो' आहे. या शब्दाखाली दोन रेघा मारा. पौलालाही शिकावं लागलं.

आपल्या गावच्या माणसांना या पत्राशी आणखी एक नातं वाटावं. ज्या फिलिप्पै गावच्या मंडळीला ते लिहिलं, तिथं पौलाचं पहिल्यांदा ऐकून घेणारी बाई लुदिया, ती कापडवाली होती. थुवतीरा गावची, जांभळी वस्त्रं विकणारी. आणि पौल स्वतः तंबू करण्याच्या धंद्यातला. ज्या शहरात यंत्रमागाच्या खडखडीत लेकरं झोपतात, चादर-टॉवेलांच्या गाठोड्यांवर खेळतात, तिथं ही माणसं परकी वाटायचं कारण नाही.

नंतर रोजची सवय : सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी एक स्तोत्र. एकच. दीडशे स्तोत्रं आहेत, पाच महिन्यांत एक फेरी होते. उन्हाळ्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो तेव्हा मी पहाटे पाचला गच्चीवर बसते, थंडीत स्वयंपाकघरात. जागा ठरलेली असली की मन लवकर बसतं. वाचून झाल्यावर एक शब्द दिवसभरासाठी सोबत घ्या, बास.

तिसरं काम : वही

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यातला 'स्थितीत' हा शब्द नीट बघा. सर्व स्थितीबद्दल उपकार माना असं तिथं म्हटलेलं नाही. नवरा मारतो त्याबद्दल, लेकरू गेलं त्याबद्दल, कुणी फसवलं त्याबद्दल देवाचे आभार मानायला बायबल सांगत नाही. अशा शिकवणीनं मी माणसं मोडताना पाहिली आहेत. त्या स्थितीच्या आत उभं राहून, जे अजून चांगलं उरलं आहे ते बोट दाखवून सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ.

त्यासाठी दहा-पंधरा रुपयांची वही पुरते. रात्री झोपण्याआधी तीन ओळी. नियम दोन. एक, लिहिलेली गोष्ट पुन्हा लिहायची नाही. दोन, मोघम लिहायचं नाही. 'आरोग्याबद्दल धन्यवाद' ही ओळ पहिल्याच दिवशी संपते. मग डोळे उघडावे लागतात. माझ्या वहीतलं एक पान तसंच उतरवते :

"पहाटे गच्चीवर वारा होता. समोरच्या मावशींनी गिरणीतून माझंही ज्वारीचं पीठ दळून आणलं. उजव्या गुडघ्यानं चर्चच्या पायऱ्या न थांबता चढू दिल्या."

दुसरा आठवडा सगळ्यात अवघड जातो. सोपं सगळं लिहून झालेलं असतं. इथं सोडू नका, कारण याच आठवड्यात नजर बदलते. मी तर दिवसभर आज काय लिहू, काय लिहू करत घरात हिंडत होते, आणि शोधायला लागल्यावर दिसत गेलं. भाकरी तव्यावर टम्म फुगते ती मी पन्नास वर्षं बघत होते, त्या आठवड्यात पहिल्यांदा लिहिली.

चौथं काम : पिंपाला चीर गेली असेल तर

कधीकधी पाणी येतं, भरतंही, पण सकाळी बघावं तर पिंप अर्धं. कुठंतरी बारीक चीर असते.

माझ्या बाबतीत ती चीर सासूबाईंच्या पाटल्यांची होती. त्या गेल्यावर पाटल्या मोठ्या जाऊबाईंकडे राहिल्या, त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि सहा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. एकाच चर्चमध्ये, ती डाव्या बाजूच्या बाकावर, मी उजव्या. मी प्रार्थना चालवत होते, गात होते, आणि आत सगळं कोरडं. बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद म्हणतो की मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, उन्हाळ्यानं आटावा तसा माझ्यातला ओलावा आटला. ते वचन मी मे महिन्यात वाचलं. सोलापूरचा मे. मला समजावून सांगावं लागलं नाही.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. आपलं पाप देवापुढे नावानिशी कबूल करायचं : "माझ्या चुकांची क्षमा कर" असं नाही, "मी तिच्याबद्दल मंडळीत तीन घरी वाईट बोलले" असं. आणि जिथं माणूस गुंतलेलं आहे तिथं माणसाकडे जायचं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा. मी प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं. जाऊबाईंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "आत ये. ऊन लई आहे. आधी पाणी पी." माठातलं तांब्याभर पाणी दिलं. घोकलेलं एकही वाक्य बोलावं लागलं नाही, दोघी रडलो. पाटल्या अजून त्यांच्याकडेच आहेत, आणि असू देत.

प्रत्येक समेट असा होईल असं मी म्हणत नाही. समोरच्यानं दार उघडलं नाही तरी आपल्या बाजूची चीर बुजते. मात्र ज्या माणसानं तुम्हाला मारहाण केली, अत्याचार केला, त्याच्या दारी एकटीनं जायला हे वचन सांगत नाही. तिथं क्षमा देवापुढे करा, आणि सुरक्षिततेसाठी जाणत्या माणसांची, गरज पडली तर पोलिसांची मदत घ्या.

पाचवं काम : हातातल्या कामात

आमच्या मंडळीतली एक बाई शाळेचे गणवेश शिवते. सोलापुरातून गणवेश लांबलांबच्या गावांना जातात, घरोघरी मशिनवर बायका बसलेल्या असतात. एका दुपारी मी तिच्याकडे गेले तर ती शर्टांना बटणं लावत होती आणि ओठ हलत होते. विचारलं तर म्हणाली, "बाई, हा सहा नंबरचा शर्ट. पहिलीतलं पोरगं असंल. शेवटचं बटण लावेपर्यंत त्याच्यासाठी मागते. नाव माहीत नाही, पण प्रभूला माहीत हाय की." तिला मजुरी नगाप्रमाणे मिळते, दिवसभर मान वाकलेली असते. तिच्याइतकी आनंदी बाई मी आमच्या मंडळीत दुसरी पाहिली नाही.

जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातलं वचन मुळात दासांना उद्देशून आहे, ज्यांच्या कामाचं कौतुक करणारं कुणी नव्हतं. तर रोजचं एक काम निवडा, शक्यतो कंटाळवाणं, आणि त्याला एक माणूस बांधून टाका. भांडी घासताना थोरला मुलगा. रिक्षा स्टँडवर नंबर लागेपर्यंत शेजारचा रिक्षावाला. हिशेब जुळवताना साहेब, ज्यांच्याशी तुमचं पटत नाही ते. वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून ही सवय टिकते.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना दौंड मागं पडलं की केडगाव लागतं. तिथून गाडी जाते तेव्हा मी दरवेळी खिडकीशी बसते. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन तिथलं. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ साली गेला, एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. एवढं सोसून ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल स्वतः भाषांतरित करत राहिली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाही तिथल्याच. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. रोज उठून पुढचं वचन, मग त्याच्या पुढचं. आनंद बहुधा अशाच बैठकीत मुरतो असं मला वाटतं.

सहावं काम : वाटे पाठवा

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एक सुंदर गोष्ट आहे. बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्र ऐकून रडायला लागतात. तेव्हा त्यांना सांगितलं जातं : आज शोक करू नका, जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही केलेलं नाही त्याला वाटे पाठवा, कारण परमेश्वराचा आनंद हाच तुमचा आधार आहे. शेवटचं वाक्य आपण भिंतीवर लावतो, आणि त्याच्या आधीचे वाटे विसरतो.

आमच्या गल्लीत एका बाजूला तेलुगू बोलणाऱ्या अक्का, दुसऱ्या बाजूला भाभी, कोपऱ्यावर कानडी घर. संक्रांतीला तिळगूळ येतो, ईदला शीरखुर्मा. नाताळला आमच्याकडून करंज्या, शंकरपाळी जातात. पण ही सणाची देवाणघेवाण झाली. मी म्हणते ते साध्या बुधवारचं. आठवड्यातून एकदा स्वयंपाक एका माणसाचा जास्त करा आणि जिथं आज चूल पेटली नसेल, किंवा एकट्या माणसासाठी पेटवायचा कंटाळा आला असेल, तिथं डबा द्या. भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, एवढं पुष्कळ. त्या बदल्यात वचन ऐकवायचं नाही, चर्चला या म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर जरूर सांगा, पण डबा हा डबाच असू द्या. रिकामा डबा परत आणून देताना माणूस दारात दहा मिनिटं थांबतं, आपलं सांगतं. पौलाच्या समासातली ती यादी आठवते ना? ती अशी वाढते.

गाण्याविषयी थोडक्यात. पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात मध्यरात्री, पाय खोड्यात अडकवलेले असताना गात होते, आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते. घरी रोज एक गीत मोठ्यानं म्हणा. सूर कसाही असो. मन लागत नसेल त्या दिवशी तर नक्की म्हणा, ओठ आधी जातात, मन मागून येतं. पेटी-तबल्यावरची आपली भजनं लेकरांना शिकवा.

आणि रविवार मोकळा ठेवा. उपासनेहून परत येऊन आठवड्याचे कपडे धुवायला बसायचं, ही आपल्या बायकांची सवय मोडायला हवी. ते काम घरातल्या सगळ्यांनी शनिवारी वाटून घ्यावं.

पाणी येतच नाही तेव्हा

हे सगळं करूनही काही जणांना आनंद होत नाही. झोप लागत नाही किंवा उठवतच नाही, जेवण नको होतं, आवडीचं काही आवडत नाही, आपण नसतो तर बरं असं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं असेल तर ते आजारपण असू शकतं. जसं शुगरचं असतं, बीपीचं असतं. डॉक्टरांकडे जा. गोळ्या घेतल्यानं विश्वास कमी होत नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा फोन नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. १ राजे, अध्याय १९. देवानं त्याला उपदेश केला नाही, दटावलंही नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं उठवून भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा भाकर दिली. बोलणं पुष्कळ नंतर, डोंगरावर. मंडळीत असं माणूस दिसलं तर आपणही याच क्रमानं चला : झोप, भाकर, सोबत, डॉक्टर. "प्रार्थना कमी पडली असेल" हे वाक्य तोंडातून काढू नका.

सहा ओळी

शेवटचं काम घरच्या सगळ्यांनी मिळून करायचं आहे, कुटुंबप्रार्थनेच्या वेळी.

हबक्कूक हे जुन्या करारातलं छोटंसं पुस्तक. त्याच्या शेवटी, तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात सहा गोष्टी नाहीत असं म्हटलं आहे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत. शेतकऱ्याच्या घरातलं सगळं गेलं. अठरावं वचन 'तरी' म्हणून वळतं, आणि मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असं म्हणतं.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली त्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला कंदिलाभोवती बसवलं, वीज कापली होती. हे वचन वाचलं आणि पाठकोऱ्या कागदावर एक ते सहा आकडे घातले. घरात आम्ही सहा माणसं. म्हणाले, "प्रत्येकानं एक नाही सांगायचं. खरं सांगायचं." स्वतः पहिलं लिहिलं, भोंगा नाही. आई म्हणाली, दुकानदार उधार देत नाही. आज्जीनं सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन नाही. थोरल्या ताईनं खूप वेळ घेतला आणि म्हणाली, माझं लग्न नाही. मी कॉलेजची फी सांगितली. धाकटा सात वर्षांचा होता, तो म्हणाला, सायकल नाही. बाबांनी तेही लिहिलं, हसले नाहीत, पुसलं नाही.

मग खाली मोठ्या अक्षरात 'तरी' लिहिलं आणि कागद आज्जीपुढे सरकवला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं, सगळ्यांकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "तवा ठेव गं. आधी लेकरांना भाकरी घाल, मग गाणं म्हणू."